ओसरलेल्या नावांचे तमाशा फड आणि आडवळणाचा प्रेक्षक : पाथरी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :

मराठीतील प्रयोगकलांची समीक्षा ही प्रामुख्याने बहराच्या काळाची समीक्षा आहे. एखादा नट, गायक किंवा फड ऐन उमेदीत असताना त्याच्याविषयी भरभरून लिहिले जाते आणि त्याच्या निधनानंतर गौरवग्रंथ निघतात. या दोहोंच्या मधे मात्र एक दीर्घ काळ असतो. त्या काळात नाव शिल्लक असते, पण बहर ओसरलेला असतो. या काळातील प्रयोगांची नोंद सहसा कोणी घेत नाही. नेमक्या याच काळात अशा मंडळींना शहरातील प्रेक्षक दुरावतो आणि त्यांची सारी भिस्त दूरवरच्या गावांतील प्रेक्षकावर येऊन पडते. हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. पाश्चात्त्य देशांतही एके काळी गाजलेले वाद्यवृंद, मूळ सभासदांपैकी एखाददुसराच उरला असता, जुन्या नावावर लहानसहान गावांत कार्यक्रम करीत फिरतात. ते पाहण्याजोगे असतात काय, हा वाद तेथेही आहे.

परभणी जिल्ह्यातील पाथरी आणि तिच्या भोवतालचे मानवत, सेलू, सोनपेठ हे तालुके यांच्या संदर्भात हा प्रश्न ढोलकीच्या तमाशा फडांपुरता मर्यादित करून पाहता येतो. ज्या फडाचे नाव वडिलांच्या पिढीने ऐकले, ज्याचा मुख्य कलावंत आता थकला आहे किंवा हयात नाही, त्याचा खेळ तिकीट काढून पाहावा काय? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर तुच्छतेचे आहे : शहरांनी नाकारलेले उरलेसुरले गावांच्या पदरात पडते, त्यात पाहण्यासारखे काही नाही. दुसरे उत्तर दयेचे आहे : लोककला जगली पाहिजे, म्हणून ती पाहिली पाहिजे. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही उत्तरे प्रत्यक्ष प्रयोगाकडे न पाहताच देता येतात. प्रस्तुत लेखात प्रयोगाची अंगे वेगवेगळी करून त्यांपैकी काय ओसरते, काय टिकते आणि त्यावरून कोणता निर्णय करता येतो, याचा विचार केला आहे.

‘ओसरणे’ या संकल्पनेचे स्वरूप :

तमाशाच्या बाबतीत ओसरणे तीन पातळ्यांवर घडते. व्यक्ती ओसरते, फडाचा संच ओसरतो आणि प्रकार म्हणून तमाशाच ओसरतो. सामान्य चर्चेत या तिन्हींची गल्लत होते.

व्यक्तीचे ओसरणे अटळ आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले, तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये निवर्तल्या. तथापि तमाशात व्यक्तीबरोबर नाव संपत नाही. फडाच्या नावात व्यक्तीइतकेच गाव बोलते : नारायणगावकर, सातारकर, करवडीकर, ढवळपुरीकर. रघुवीर खेडकर यांच्या फडाच्या नावात त्यांच्या मातोश्री कांताबाई सातारकर यांचे नाव जोडलेले आहे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आपला स्वतंत्र फड उभा केला. म्हणजेच फडाचे नाव हे एखाद्या गायकाच्या नावासारखे एकट्याचे नसून घराण्याच्या नावासारखे वारशाचे आहे. एका व्यक्तीच्या उताराला फडाचा उतार मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

संचाचे ओसरणे वेगळे असते. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, सरदार, मावशी, झीलकरी आणि नृत्यांगना मिळून संच होतो. त्यातील जाणता ढोलकीवाला दुसऱ्या फडाने उचल देऊन नेला, तर मुख्य कलावंत तोच असूनही खेळ उतरतो. उलट, मुख्य कलावंत वयस्क झाला तरी संच पक्का असेल तर खेळ उभा राहतो. प्रकाराचे ओसरणे हे या दोहोंपलीकडचे असून त्याची कारणे फडाच्या कनातीबाहेर आहेत. त्यांचा विचार पुढे येईल.

स्मृतीचे साहाय्य : बालगंधर्वांचा दाखला

ओसरलेल्या कलावंताचा प्रयोग प्रेक्षकाला का भावतो, हे समजून घेण्यासाठी संगीत रंगभूमीवरील सर्वांत ठळक उदाहरण बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने वैभवाचे शिखर पाहिले आणि कर्जाचा डोंगरही पाहिला. बालगंधर्वांनी पन्नाशी ओलांडल्यानंतरही स्त्रीभूमिका केल्या आणि पायांतील बळ गेल्यावर बसून भजने गायिली. या उत्तरकाळात त्यांना ऐकणारा प्रेक्षक एकजिनसी नव्हता. ज्याने त्यांना उमेदीत पाहिले होते, त्याच्या डोळ्यांपुढे समोरची थकलेली आकृती आणि स्मरणातील आकृती एकाच वेळी उभी राहत असे. जे समोर उणे होते, ते त्याची स्मृती भरून काढी. ज्याने पूर्वी पाहिलेच नव्हते, त्याच्याजवळ भरून काढण्यासाठी काहीच नव्हते. त्याच्यासाठी जे समोर आहे तेवढेच सत्य होते.

या दाखल्यावरून एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. शहरात ओसरलेला कलावंत बहुतांशी प्रेक्षकाच्या स्मृतीच्या उधारीवर खेळतो. तेथील दाद अनेकदा समोरच्या प्रयोगाला नसून स्वतःच्या तारुण्याला दिलेली असते. आडवळणाच्या गावात ही उधारी फारशी मिळत नाही. तेथे नाव आधी पोचलेले असते, कधी आकाशवाणीवरून, कधी वगांच्या ध्वनिफितींवरून, कधी जत्रेला जाऊन आलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. परंतु प्रत्यक्ष प्रयोग मात्र अनेकांना त्या रात्री पहिल्यांदाच दिसतो. अशा प्रेक्षकापुढे फडाला रोखीने खेळावे लागते. म्हणून आडवळणाचा प्रेक्षक भोळा असतो, त्याला काहीही चालते, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. स्मृतीचे साहाय्य नसलेला हा प्रेक्षकच ओसरलेल्या फडाचा सर्वांत निःपक्षपाती परीक्षक ठरू शकतो.

पाथरी परिसर आणि फडाचा हंगाम :

पाथरी हे कल्याण–निर्मल मार्गावरील तालुक्याचे गाव. रेल्वेसाठी मानवत रोड स्थानकाकडे जावे लागते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रामुळे परिसरात कापसाबरोबर ऊसही आहे आणि त्याचबरोबर ऊसतोडीसाठी बाहेर जाणारी कुटुंबेही आहेत. मराठीइतकीच दखनी उर्दू येथे रोजच्या व्यवहारात कानी पडते. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकांच्या नित्याच्या वाटेवर हे गाव येत नाही. मराठवाड्यात प्रयोगकलेचा प्रेक्षक एकत्र येतो तो जत्रा-उरुसांच्या निमित्ताने. परभणीचा उरूस आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही त्याची मोठी ठिकाणे, तर गावोगावच्या लहान जत्रा ही त्याची नित्याची ठिकाणे होत.

ढोलकी फडांचा हंगाम विजयादशमीला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. त्यात खेळाच्या दोन पद्धती आहेत. एक सुपारीची : गावची यात्रा समिती ठरलेली रक्कम देते आणि खेळ गावाला मोफत होतो. दुसरी तिकिटाची : फड स्वतः कनात लावतो आणि प्रत्येक प्रेक्षकाकडून पैसे घेतो. चैत्रातील सुपाऱ्यांसाठी पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि तेथे गावोगावचे पुढारी येऊन व्यवहार ठरवितात. पश्चिम महाराष्ट्रातील चैत्री यात्रांपूर्वीच्या महिन्यांत फड साधारणपणे मराठवाडा, खानदेश, विदर्भ या भागांत तिकिटावर फिरतात.

या दोन पद्धतींतील फरक केवळ आर्थिक नाही. सुपारीच्या खेळात फडाला गावच्या पुढाऱ्यांचे समाधान करावे लागते, तर तिकिटाच्या खेळात खिशातून पैसे काढणाऱ्या मजुराचे. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला उठून जाण्याचा पूर्ण अधिकार असतो आणि तो तो वापरतो. ‘उचल’ हा शब्दही येथे दोन्ही बाजूंना ओळखीचा आहे. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, तसा कलावंत फडमालकाकडून घेतो, आणि दोघेही हंगामभर ती फेडत असतात. कनातीच्या आतले आणि बाहेरचे जग यांत वाटते तितके अंतर नाही. शहरी महोत्सवात लोककला म्हणून न्याहाळला जाणारा तमाशा येथे एका कष्टकरी माणसाने दुसऱ्या कष्टकरी माणसापुढे उभा केलेला असतो.

प्रयोगाचा क्रम आणि ओसरण्याचा क्रम :

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा तमाशाच्या प्रयोगाचा रूढ क्रम होय. ओसरलेला फड पाहावा काय, या प्रश्नाचे उत्तर या क्रमाशी निगडित आहे, कारण ही सर्व अंगे सारख्या वेगाने ओसरत नाहीत.

सर्वांत लवकर ओसरते ती रंगबाजी. लावणी आणि नृत्य यांना तरुण शरीर, नवा पोशाख, उत्तम प्रकाशयोजना आणि ध्वनियंत्रणा लागते. याच अंगात फडाची स्पर्धा चित्रपटाशी असते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) पासून ‘नटरंग’ (२०१०) पर्यंत चित्रपटांनी तमाशातून घेतले आणि परत तमाशालाच आपली गाणी दिली. आज प्रेक्षकाच्या खिशातील मोबाईलवर तीच गाणी अधिक झगमगाटात उपलब्ध आहेत. हंगामभर दररोज मुक्काम हलविणाऱ्या संचाकडून त्या झगमगाटाची बरोबरी होणे शक्य नाही. या भागात ओसरलेला फड सर्वांत केविलवाणा दिसतो.

गण आणि गवळण ही अंगे त्या मानाने सावकाश ओसरतात. ढोलकी आणि हलगीची सलामी, तुणतुण्याची साथ आणि झीलकऱ्यांचा वरचा सूर यांना सरावाची गरज असते, वयाची अडचण नसते. मुरलेला ढोलकीवाला वाढत्या वयात अधिक बोलका होतो. गवळणीतील मावशीची भूमिका तर प्रौढ नटालाच शोभते.

बतावणी आणि वग ही अंगे वयाबरोबर ओसरतातच असे नाही. बतावणीतील हजरजबाबीपणा अनुभवाने वाढतो. सोंगाड्या गावात शिरताना रस्त्याची अवस्था पाहतो, चहाच्या टपरीवर निवडणुकीची कुजबुज ऐकतो आणि रात्री तीच सामग्री संवादात आणतो. पाथरीसारख्या परिसरात त्याला मराठी आणि दखनी अशा दोन भाषांचे कान मिळतात, त्यामुळे शब्दाच्या गैरसमजावर उभा राहणारा विनोद येथे दुप्पट वाव मिळवू शकतो. बतावणीचा हा भाग कोणत्याही ध्वनिचित्रफितीत मिळणे शक्य नाही, कारण तो त्या गावासाठी त्याच रात्री तयार होतो.

वगाच्या टिकाऊपणाचे पुरावे मराठी रंगभूमीच्या इतिहासातच आहेत. ‘गाढवाचं लग्न’ हा वग दादू इंदुरीकरांनी अजरामर केला. १९७३ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर प्रकाश इनामदारांनी त्यातील सावळ्या कुंभार उभा केला आणि २००७ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ मधील वगनाट्याने दादा कोंडके घराघरांत पोचले आणि पुढे विजय कदमांनी ते पुन्हा रंगभूमीवर आणले. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ हा वग त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. या उदाहरणांत भूमिका करणारी माणसे वेगळी आहेत; टिकली ती वगाची चौकट. धनी आणि चाकर, राजा आणि शिपाई यांच्यातील सत्तेची उलटापालट हा वगाचा गाभा आहे आणि सत्तेपुढे वाकलेल्या प्रेक्षकाला तो कोणत्याही काळात कळतो.

यातून एक विसंगती समोर येते. जे लवकर ओसरते ते प्रयोगात आधी येते आणि जे टिकते ते शेवटी येते. रंगबाजी संपताच उठून जाणारा प्रेक्षक फडाचे सर्वांत थकलेले अंग पाहून ‘आता तमाशात काही राहिले नाही’ असा निर्णय देतो. त्याने पाहिले त्यापुरता तो निर्णय खोटा नसतो. परंतु तो अर्ध्या प्रयोगावर दिलेला असतो.

वगाच्या आक्रसण्याची कारणे :

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. प्रेक्षक शेवटपर्यंत बसला तरी त्याला पूर्ण वग पाहावयास मिळतो काय? अनेकदा मिळत नाही आणि हीच या विषयातील खरी चिंतेची बाब आहे. वगाच्या आक्रसण्याचा कलावंतांच्या वयाशी फारसा संबंध नाही. त्याची कारणे व्यवस्थेत आहेत.

पहिले कारण वेळेचे. परंपरेने वग मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे आणि वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतच सवलत देता येते. नियमाचा हेतू योग्य आहे. तथापि जो प्रकार रात्रीच्या उत्तरार्धासाठीच घडला, त्याचा उत्तरार्धच या नियमाने कापला गेला. वेळ कमी झाली तेव्हा फडांपुढे गाणी कमी करावीत की वग, हा पर्याय आला आणि शिट्ट्या ज्याला पडतात ते राखले गेले.

दुसरे कारण आर्थिक आहे. मोठ्या फडात कलावंत, वादक, स्वयंपाकी, वाहनचालक आणि कनात उभारणारे कामगार मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात. त्यांचे रोजचे जेवण आणि वाहनांचे डिझेल खेळ झाला तरी आणि न झाला तरी लागते. मराठवाड्यातील २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत जत्रांचा पैसा आटला. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी रोखीवर चालणाऱ्या या व्यवसायावर ऐन हंगामात आली. २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला लागू झाली आणि तोच दिवस गुढीपाडव्याचा होता. चैत्री सुपाऱ्यांचा सारा हंगाम बुडाला आणि २०२१ मध्येही एप्रिलच्या निर्बंधांमुळे तेच घडले. सलग दोन वर्षे उत्पन्न नसलेल्या संचातून माणसे मजुरीकडे वळली, तर परत येणारी सर्वच कशी येतील?

तिसरे कारण स्पर्धेचे. अलीकडच्या वर्षांत ध्वनिमुद्रित गाण्यांवर नृत्य करणाऱ्या मोजक्या कलावंतांचे कार्यक्रम गावोगावी वाढले. त्यांना ढोलकीवाला लागत नाही, सोंगाड्या लागत नाही आणि वगही लागत नाही. फडांनी या स्पर्धेला दिलेले उत्तर बहुधा अनुकरणाचे राहिले. वाद्यवृंदाचा साज चढवून चित्रपटगीते वाढविली गेली. परिणामी जेथे फड सर्वांत दुबळा आहे, त्याच मैदानात तो लढू लागला आणि जेथे त्याला प्रतिस्पर्धी नाही, ते मैदान त्याने स्वतःहून सोडले.

दयेचा युक्तिवाद आणि त्यावरील आक्षेप :

वरील अडचणी पाहिल्यावर दयेचा युक्तिवाद अधिक प्रबळ वाटू लागतो. इतक्या हालअपेष्टांत फड येथवर आला, तर त्याला पाहणे हे कर्तव्य होय, असे म्हटले जाते. या भावनेचा आदर राखूनही हा युक्तिवाद कलाव्यवहाराला घातक आहे, असे म्हणावे लागते. दया दाखविणारा प्रेक्षक मागणी करीत नाही. वग अर्ध्यावर सोडला तरी तो टाळी देतो. ज्या फडाने पूर्ण वग, ताजी बतावणी आणि सुरेल गण दिला आणि ज्याने केवळ जुने नाव विकले, त्या दोघांना तो सारखेच मानतो. यात मेहनत करणाऱ्या फडाचा तोटा होतो आणि आळशी फडाची सोय होते. कलावंतांच्या हलाखीवर मदत हा उपाय आहे. तमाशा फडांसाठी शासनाची अनुदान योजना आहे, ती वेळेवर आणि पुरेशी मिळावी यासाठी आग्रह धरणे योग्यच आहे. परंतु मदत आणि दाद या दोन भिन्न गोष्टी आहेत. मदत गरजेवरून ठरते, दाद केवळ गुणावरून ठरली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तमाशा ज्या समाजांनी जगविला, ते महार, मांग, कोल्हाटी आदी समाज जातिव्यवस्थेने तळाशी लोटलेले होते. तमाशातील स्त्रीकलावंतांच्या वाट्याला आलेली लैंगिक आणि जातीय अवहेलना शर्मिला रेगे आणि शैलजा पाईक यांच्या अभ्यासांतून सविस्तर मांडली गेली आहे. आंबेडकरी जलशांनी तमाशाची चौकट घेतली, पण तिच्यातील आशय बदलला, यामागेही हीच जाण होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि नंतर सुधारणेच्या अटींवर ती उठविली. त्या काळी निजामाच्या राज्यात असलेले पाथरी या प्रशासनाच्या बाहेर होते. तथापि पुढे सर्वत्र रूढ झालेले ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ हे प्रतिष्ठित नाव त्याच सुधारणेच्या वातावरणातून आले. अशा इतिहासाच्या पार्श्वभूमीवर, थकलेल्या स्त्रीकलावंताला रंगमंचावर नाचताना पाहणे हे कोणत्या दृष्टीने समर्थनीय ठरते, हा प्रश्न टाळता येणार नाही.

त्याचे उत्तर पाहण्याच्या पद्धतीत आहे. प्रेक्षक केवळ रंगबाजीपुरता बसत असेल, तर तो त्या कलावंताकडे शरीर म्हणून पाहतो आणि वय झाल्यावर तिला टाकून देतो. वगापर्यंत बसणारा प्रेक्षक तिच्याकडे अभिनेत्री म्हणून पाहतो. वगात तिला राणी, आई, न्याय मागणारी फिर्यादी अशा भूमिका मिळतात आणि त्यांत वय हा दोष राहत नाही. म्हणजेच वगाची मागणी ही केवळ रसिकतेची बाब नसून स्त्रीकलावंताला सन्मानाने वयस्क होऊ देण्याचीही बाब आहे. तमाशात वग जितका आक्रसेल, तितके तिचे रंगमंचावरील आयुष्य आखूड होईल.

समीक्षेची आणि महाविद्यालयांची जबाबदारी :

तमाशाच्या अभ्यासाची परंपरा मराठवाड्याला नवी नाही. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या आणि रुस्तुम अचलखांब यांनी तमाशाच्या अभ्यासाला येथूनच दिशा दिली. परंतु हा अभ्यास बहुतांशी प्रकाराचा आहे. विशिष्ट फडाने विशिष्ट गावात केलेल्या विशिष्ट प्रयोगाची समीक्षा जवळजवळ होत नाही. शहरातील नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचे परीक्षण वृत्तपत्रात येते. तिकीट लावून झालेल्या तमाशाच्या खेळाची बातमी आलीच तर गर्दीची किंवा गोंधळाची येते. शासकीय महोत्सवांतील सादरीकरणांवर लिहिले जाते खरे, पण तेथील खेळ वेळेच्या मर्यादेत आवरलेला आणि बहुधा निमंत्रितांसमोरचा असतो. तिकिटाच्या खेळातील सोंगाड्या आणि समोरचा प्रेक्षक यांची झटापट तेथे नसते.

ही पोकळी भरून काढणे तालुक्याच्या महाविद्यालयांना शक्य आहे. मराठी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगीत या विषयांच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील जत्रेत आलेल्या फडाचा खेळ शेवटपर्यंत पाहून त्याची नोंद करावी : कोणता वग झाला, किती वेळ चालला, बतावणीत स्थानिक विषय कोणते आले, प्रेक्षक केव्हा उठला, तिकिटाचा आणि खर्चाचा हिशेब काय. कलावंतांची संमती घेऊन आणि त्यांच्या मानधनाचा विचार करून ध्वनिमुद्रण व्हावे. अशा नोंदी दहा हंगाम झाल्या, तर कोणता फड खरोखर ओसरला आणि कोणाला विनाकारण ओसरलेला म्हटले गेले, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने सांगता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपला वग कोणीतरी लक्षपूर्वक पाहून त्यावर लिहिणार आहे, ही जाणीव फडाला वग राखण्याचे कारण देईल.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. फडाचे नाव जुने झाले किंवा त्याचा मुख्य कलावंत थकला, एवढ्यावरून त्याचा खेळ पाहण्याजोगा नाही असे ठरत नाही. तमाशात व्यक्ती, संच आणि प्रकार यांचे ओसरणे वेगवेगळे असते.

२. रंगबाजी लवकर ओसरते, बतावणी आणि वग टिकतात. ज्या फडाने ही दोन अंगे राखली आहेत, तो कितीही जुना असला तरी आवर्जून पाहावा. ज्याने ती टाकून केवळ चित्रपटगीते आणि जुने नाव ठेवले आहे, तो पाहण्याचे बंधन प्रेक्षकावर नाही.

३. आडवळणाच्या प्रेक्षकाला उरलेसुरले मिळते, ही तक्रार अंशतः खरी आहे. परंतु स्मृतीच्या उधारीशिवाय पाहणारा हा प्रेक्षक दुय्यम नव्हे. आपण परीक्षक आहोत याची जाणीव त्याला होणे, हा त्या तक्रारीवरील पहिला उपाय होय.

४. दयेपोटी दिलेली दाद फडाला वाचवीत नाही. पूर्ण वगाची मागणी करणारा, त्यासाठी बसून राहणारा आणि न मिळाल्यास तसे स्पष्ट सांगणारा प्रेक्षकच फडाला त्याच्या बलस्थानाकडे परत नेऊ शकतो.

५. वगासाठी वेळ मिळावा म्हणून खेळ सायंकाळी लवकर सुरू करणे आणि सुपारी देतानाच यात्रा समितीने पूर्ण वगाची अट घालणे, हे दोन बदल कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता गावाच्या पातळीवर करता येण्यासारखे आहेत.

पाथरीसारख्या परिसरात फड दरवर्षी येईलच, याची शाश्वती आता राहिलेली नाही. येईल तेव्हा तो शहरांनी नाकारलेला म्हणून हिणवण्याचे कारण नाही आणि आपल्याकडे आला म्हणून डोक्यावर घेण्याचेही नाही. तिकीट काढावे, वग संपेपर्यंत बसावे आणि मग जे वाटले ते मोकळेपणाने बोलावे. कोणत्याही कलावंताचा, मग तो उमेदीतला असो वा उताराला लागलेला, प्रेक्षकावर एवढाच हक्क असतो.